पटणारे आणि खरे : एका इंग्रजी विशेषणाचा आढावा

२६ जानेवारी २०२४ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दक्षिण आफ्रिका विरुद्ध इस्रायल या खटल्यात अंतरिम आदेश दिला. दक्षिण आफ्रिकेने ज्या हक्कांच्या रक्षणासाठी अर्ज केला होता, त्यांतले निदान काही हक्क ‘प्लॉझिबल’ आहेत, असे त्यात म्हटले होते. वंशसंहारापासून संरक्षण मिळण्याचा गाझातल्या पॅलेस्टिनी लोकांचा हक्क हा त्यांतला मुख्य. बातम्यांमध्ये मात्र अनेक ठिकाणी वेगळे वाक्य फिरले : वंशसंहार होत असण्याची शक्यता न्यायालयाने मान्य केली. विशेषण तेच राहिले, पण ते हक्कावरून उठून कृत्याला जाऊन चिकटले. आदेशाच्या वेळी न्यायालयाच्या अध्यक्षा असलेल्या जोन डोनह्यू यांनी निवृत्तीनंतर, एप्रिल २०२४ मध्ये, बीबीसीच्या मुलाखतीत याचा खुलासा केला. संरक्षणाचा हक्क प्लॉझिबल आहे, एवढेच न्यायालयाने ठरवले होते. वंशसंहाराचा आरोप प्लॉझिबल आहे, असा निर्णय दिलेला नव्हता.

एका विशेषणाच्या जागेवरून इतका वाद व्हावा, याचे कारण या विशेषणावर आज फार मोठी कामे सोपवलेली आहेत. कोणता दावा कोर्टात उभा राहील, कोणत्या औषधाची चाचणी घ्यायची, कोणते हवामानचित्र धरून धोरण आखायचे, असे प्रश्न ठरवताना ते हमखास येते. प्रबंध, निकालपत्रे, वैद्यकीय अहवाल आणि वृत्तसंस्थांच्या बातम्या इंग्रजीत वाचणाऱ्या, आणि पुष्कळदा इंग्रजीतच लिहिणाऱ्या मराठी माणसाशी त्याचा नित्य संबंध येतो. या आढाव्यातून मला एक गोष्ट ठामपणे मांडायची आहे. ‘प्लॉझिबल’ हे कथनाचे विशेषण आहे. सांगितलेली गोष्ट तपासायला घ्यावी इतपत सुसंगत आहे, एवढेच ते सांगते. ती तपासून झाली आहे असे आपण त्यातून वाचतो, तेव्हा गोंधळाला सुरुवात होते.

टाळ्यांपासून संशयापर्यंत

शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या टाळ्या वाजवण्याच्या क्रियापदात आहे. ‘अप्लॉज’ हा शब्दही तिथलाच. टाळ्या मिळवण्याजोगे ते प्लॉझिबल. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला, तेव्हा ‘लोकांना मान्य होईल असे’ हा त्याचा अर्थ होता आणि त्यात कौतुक होते. लवकरच ‘खरे वाटेल असे’ हा अर्थ स्थिरावला आणि त्याच्या पाठोपाठ संशयही आला. ‘स्पीशस’चा प्रवास असाच, पण जास्त उतरणीचा आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘देखणे’ असा होता. आज वरवर बिनतोड दिसणाऱ्या, पण आतून पोकळ असलेल्या युक्तिवादाला तो लावतात.

‘प्रॉबेबल’चे मूळ पारखण्यात, पसंत करण्यात आहे. मध्ययुगीन युरोपात प्रॉबेबल मत म्हणजे मान्यवर विद्वानांचा आधार असलेले मत. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांच्यात जुगाराच्या डावांवरून पत्रव्यवहार झाला आणि या शब्दामागे हळूहळू गणित उभे राहिले. इयन हॅकिंग यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात हा बदल तपशिलाने मांडला आहे. ‘प्रॉबेबल’ आकड्यांच्या बाजूला गेला. ‘प्लॉझिबल’ मात्र ऐकणाऱ्याच्या मनापाशीच राहिला.

या विचाराची मुळे ग्रीकांपर्यंत जातात. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला तत्त्वज्ञ कार्नीअडीझ म्हणे की निश्चित ज्ञान माणसाच्या हाती लागत नाही, पण व्यवहार करायला पटणारी प्रतीती पुरते. या पटण्याच्या त्याने तीन पायऱ्या केल्या : नुसते पटणारे, पटणारे आणि दुसऱ्या कशाने खोडले न गेलेले, आणि या दोन्हींसह कसून तपासलेले. सेक्स्टस एम्पिरिकस या संशयवादी ग्रीक तत्त्वज्ञाने या संदर्भात दिलेले उदाहरण मराठी वाचकाला घरचे वाटेल. अंधाऱ्या खोलीत वेटोळे घातलेली दोरी पडली आहे. घाईत आलेल्या माणसाला तो साप वाटतो. थांबून नीट पाहणारा माणूस ती हलत नाही हे बघतो, तिचा रंग बघतो आणि मग ती दोरी आहे हे त्याला कळते. आपल्या वेदान्तात हाच दृष्टान्त भ्रम समजावण्यासाठी येतो. कार्नीअडीझच्या विचारात तो पटण्याच्या पायऱ्या समजावतो. पहिल्या पायरीवरचा साप खोटे बोलणाऱ्याने रचलेला नव्हता. तो खरोखर पटणारा होता, फक्त तपासलेला नव्हता.

हाच कार्नीअडीझ इसवी सनपूर्व १५५ मध्ये अथेन्सच्या शिष्टमंडळाबरोबर रोमला गेला. एके दिवशी त्याने न्यायाच्या बाजूने भाषण केले आणि दुसऱ्या दिवशी न्यायाच्या विरुद्ध. दोन्ही भाषणे लोकांना पटली, आणि या पाहुण्यांना लवकर परत पाठवावे, असा आग्रह रोमन राजकारणी थोरल्या केटोने धरला. परस्परविरुद्ध दोन गोष्टी एकाच वेळी पटणाऱ्या असू शकतात, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणार नाही. दोन परस्परविरुद्ध गोष्टी एकाच वेळी खऱ्या मात्र असू शकत नाहीत.

भाऊबंद आणि त्यांची कामे

शब्दकोशात हे सगळे शब्द एका ओळीत बसलेले दिसतात, पण त्यांची कामे वेगळी आहेत. ‘पॉसिबल’ फार कमी सांगतो : ही गोष्ट घडायला कोणता नियम आड येत नाही, इतकेच. ‘कन्सीव्हेबल’ त्याहून दुबळा. कल्पना करता येते, यापलीकडे तो जात नाही. ‘फीझिबल’ म्हणजे करून दाखवता येण्याजोगे. तो योजनेला, पुलाला, वेळापत्रकाला लागतो. ‘पाऊस पडणे फीझिबल आहे’ असे आपल्याकडच्या इंग्रजीत कधीकधी ऐकू येते. ते चूक आहे, कारण पाऊस आपण पाडत नाही.

‘लाइकली’ आणि ‘प्रॉबेबल’ घटनेच्या शक्यतेचे माप देतात : घडण्याकडे कल किती आहे. ‘क्रेडिबल’ सांगणाऱ्याकडे बोट दाखवतो. साक्षीदार, बातमीचा स्रोत, धमकी हे सारे क्रेडिबल असते, म्हणजे त्याच्यावर विसंबता येते. ‘टेनेबल’ भूमिकेला लागतो : हल्ले झाले तरी टिकवता येईल अशी. ‘रीझनेबल’मध्ये विवेकाबरोबर नीतीचाही अंश येतो.

या सर्वांच्या मध्ये ‘प्लॉझिबल’ उभा आहे. तो स्पष्टीकरणाला, सिद्धांताला, सबबीला, कथानकाला लागतो. ‘ही गोष्ट घडणे प्लॉझिबल आहे’ या अर्थाने त्याच्यामागे नुसते क्रियापद जोडणे इंग्रजीच्या कानाला खटकते. ‘असे घडले असेल, हे प्लॉझिबल आहे’ अशी पूर्ण वाक्याची जोड त्याला लागते. आणि इंग्रज माणूस दुसऱ्या माणसालाच प्लॉझिबल म्हणतो, तेव्हा ती स्तुती नसते. गोड बोलून गळी उतरवणारा, जपून राहावे असा माणूस, असा त्याचा अर्थ असतो.

साहित्यात याच गुणाला मोठा मान आहे. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात म्हटले आहे की न पटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षा पटणारी अशक्य गोष्ट कवीने पत्करावी. मराठी समीक्षेत ‘संभवनीयता’ म्हणून जी चर्चा होते, तिचा उगम इथे आहे. कथेत पटणे हेच सार्थक असते. अडचण येते ती कथेची कसोटी बातमीला, निदानाला किंवा आरोपाला लावली जाते तेव्हा.

न्यायालयाचे दार

कायद्याने या विशेषणाचे काम सर्वांत काटेकोरपणे आखले आहे. अमेरिकेत १९५७ च्या एका निकालानंतर पन्नास वर्षे दिवाणी दावा प्राथमिक टप्प्यावर फेटाळून लावणे फार कठीण होते. २००७ मध्ये, दूरध्वनी कंपन्यांनी संगनमत केल्याच्या आरोपावरचा ट्वॉम्ब्ली खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सगळ्या कंपन्या सारख्या वागल्या, एवढेच दाव्यात होते. संगनमत केवळ शक्य असून भागत नाही, ते प्लॉझिबल वाटेल अशी वस्तुस्थिती दाव्यात मांडली पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. २००९ च्या इक्बाल खटल्यात पाचास चार अशा मतांनी हीच कसोटी सर्व दिवाणी दाव्यांना लागू झाली आणि प्लॉझिबलची जागाही ठरली : पॉसिबलच्या वर, प्रॉबेबलच्या खाली. ट्वॉम्ब्लीचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती डेव्हिड सूटर इक्बालमध्ये विरोधी मत देणाऱ्यांत होते. ज्यांनी कसोटी घडवली, त्यांनाच ती पुढच्या खटल्यात चुकीची लावली गेली असे वाटले. न्यायाधीशाच्या अनुभवाला काय पटते, यावर ही कसोटी उभी आहे, आणि अनुभव माणसागणिक बदलतो, हे त्यातून दिसले.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००९ मध्ये बेल्जियम विरुद्ध सेनेगल या प्रकरणी अंतरिम आदेशासाठी हीच अट स्पष्टपणे लावली. भारताच्या दृष्टीने तिचा सर्वांत महत्त्वाचा वापर झाला तो महाराष्ट्रातले, नौदलाचे निवृत्त अधिकारी कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावल्यावर भारत हेगला गेला. १८ मे २०१७ च्या आदेशात न्यायालयाने म्हटले की, व्हिएन्ना कराराखाली वकिलातीच्या संपर्काचा जो हक्क भारत सांगतो आहे, तो प्लॉझिबल आहे. अंतिम निर्णय होईपर्यंत फाशी देऊ नये. पाकिस्तानने करार मोडला, असे त्या दिवशी कोणी ठरवले नव्हते. ते ठरले १७ जुलै २०१९ रोजी, पंधरा विरुद्ध एक मतांनी. मधली दोन वर्षे दोन्ही बाजूंचे युक्तिवाद झाले. एका माणसाचा जीव वाचवायला ‘प्लॉझिबल’ हा शब्द पुरला, करारभंग ठरवायला मात्र अंतिम निर्णय लागला. दोन्ही आपापल्या जागी राहिले, म्हणून दोन्हींचे वजन टिकले.

भारतीय पुराव्याच्या कायद्याने शाबितीची व्याख्या १८७२ पासून ‘प्रॉबेबल’वर बसवली होती : गोष्ट अस्तित्वात आहे असे न्यायालयाला वाटते, किंवा शहाणा माणूस ती धरून चालेल इतकी ती संभाव्य आहे. त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही हेच सूत्र आहे. न वटलेल्या धनादेशाच्या खटल्यांत आरोपीवर कायद्याचे गृहीतक असते. ते खोडायला त्याने संभाव्य बचाव उभा करावा, निर्विवाद सिद्धतेची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या रंगप्पा प्रकरणात स्पष्ट केले. नुसती ऐकायला बरी वाटणारी हकिकत इथे पुरत नाही. संभाव्यतेचे पारडे आरोपीच्या बाजूला झुकावे लागते.

आकडा असलेले शब्द, आकडा नसलेला शब्द

शीतयुद्धाने या शब्दाला एक काळा अर्थ दिला. जून १९४८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने गुप्त कारवायांविषयी निर्देश काढला. कारवाई उघडकीला आली तरी सरकारला आपली जबाबदारी पटेल अशा रीतीने नाकारता यावी, अशी तिची आखणी करावी, असे त्यात होते. ‘प्लॉझिबल डिनायबिलिटी’ हा प्रसिद्ध शब्दप्रयोग या धोरणातून रूढ झाला. इथे पटणे आपसूक घडत नाही. ते आधीच रचून ठेवले जाते, आणि सत्य बाहेर येऊ नये यासाठी रचले जाते.

त्याच जगातून शब्दांच्या संदिग्धतेवरचा उपायही आला. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर आक्रमण होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असे अमेरिकी हेरखात्याच्या अंदाजात लिहिले गेले. त्या कामाची जबाबदारी असलेल्या शर्मन केंट यांना त्याचा अर्थ विचारण्यात आला, तेव्हा त्यांनी शंभरात पासष्ट असे सांगितले. विचारणाऱ्या अधिकाऱ्याने त्याहून खूप कमी शक्यता गृहीत धरली होती. मग केंटनी मसुद्यात भाग घेतलेल्या सहकाऱ्यांना विचारले, तर उत्तरे वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत आली. एकच वाक्य सगळ्यांनी मंजूर केले होते आणि प्रत्येकाने त्यातून वेगळे काही मंजूर केले होते. शब्दांना आकडे बांधून द्यावेत, अशी मांडणी केंटनी १९६४ च्या निबंधात केली.

हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने ही शिस्त पत्करली. त्याच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे ६६ ते १०० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० ते १०० टक्के. भविष्याच्या चित्रांना मात्र हेच मंडळ प्लॉझिबल म्हणते आणि त्यांना कोणताही आकडा जोडत नाही. माणसे किती इंधन जाळतील, याचे गृहीतक धरून काढलेले ते सुसंगत चित्र असते, भाकीत नसते. बातमी लिहिताना हा भेद सुटला, की ‘असे झाले तर’चे ‘असे होणार’ होते.

प्लेग, पिसू आणि हृदयाचे ठोके

पटण्याची सर्वांत मोठी किंमत वैद्यकाने मोजली आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळ गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. जंतूचा शोध दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये लागला होता, पण तो पसरतो कसा, हे ठाऊक नव्हते. घाण, कोंदट घरे, जमीन आणि माणसांचा संपर्क ही कारणे त्या काळच्या ज्ञानात चपखल बसत होती. म्हणून घरे धुतली गेली, सामान जाळले गेले, माणसे हलवली गेली. पुण्यात १८९७ मध्ये त्या सक्तीने काय घडवले, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवले की प्लेग उंदरावरच्या पिसवा पसरवतात. त्या वेळच्या प्लेग आयोगाला ते पटले नाही आणि त्याने ते मत बाजूला सारले. पुढे मुंबईतच लिस्टन या डॉक्टरांच्या निरीक्षणांनी आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या प्रयोगांनी ते खरे ठरवले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यांतल्या गिनीपिगना प्लेग झाला. पिसूची उडी पोचणार नाही इतक्या उंचावर टांगलेले वाचले. पटणारे कारण चूक होते आणि न पटणारे बरोबर. मधली सात-आठ वर्षे माणसे मरत होती.

उलट बाजूचा दाखलाही तितकाच कठोर आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके चुकत असतील, तर अचानक मृत्यूचा धोका वाढतो. मग ठोके ताळ्यावर आणणारी औषधे जीव वाचवतील, हे तर्काला धरून होते, आणि डॉक्टर ती देतही होते. अमेरिकेतल्या ‘कास्ट’ या चाचणीत दोन औषधांची तुलना निष्प्रभ गोळीशी केली गेली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले आणि न घेणाऱ्या ७४३ पैकी २६. औषध ठोके सुधारत होते आणि माणसे मारत होते.

ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ च्या प्रसिद्ध व्याख्यानात कार्यकारणभाव ठरवताना पाहायच्या नऊ गोष्टी सांगितल्या. त्यांत जैविक संगती, म्हणजे प्लॉझिबिलिटी, आहे; पण तिची मागणी करता येत नाही, असे त्यांनी तिथेच बजावले, कारण ती त्या त्या दिवसाच्या ज्ञानावर अवलंबून असते. आजचे ज्ञान अपुरे असेल, तर आज पटणारेही अपुरेच असणार.

मन का फसते

१९८३ मध्ये एमोस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानमन यांनी ‘लिंडा’चा प्रश्न मांडला. लिंडा हुशार, स्पष्टवक्ती, विद्यार्थिदशेत सामाजिक न्यायाच्या चळवळीत असलेली. ती बँकेत कारकून असणे जास्त संभाव्य, की बँकेत कारकून आणि स्त्रीवादी कार्यकर्ती असणे? बहुतेकांनी दुसरा पर्याय निवडला. दोन गोष्टी एकत्र असण्याची शक्यता एकटीपेक्षा जास्त असूच शकत नाही. पण तपशील भरला की गोष्ट पटायला लागते, आणि प्रत्येक तपशिलागणिक ती खरी असण्याची शक्यता घटते. पटणारे आणि संभाव्य यांची वाट कुठे फुटते, ते या प्रयोगाने नेमके दाखवले.

गणितही याला अपवाद नाही. जॉर्ज पोल्या यांनी १९५४ मध्ये पटणाऱ्या तर्कावर दोन खंड लिहिले. सिद्धता हाती येण्याआधी गणिती अंदाजानेच पुढे जातो, हे त्यांनी आदराने मांडले. त्यांचाच १९१९ चा एक अंदाज होता : कोणत्याही संख्येपर्यंत पाहिले, तर मूळ अवयवांची मोजणी विषम येणाऱ्या संख्या निम्म्याहून कमी नसतात. पडताळलेल्या साऱ्या संख्यांपुरता तो खरा ठरत होता. १९५८ मध्ये हेझलग्रोव्ह यांनी तो खोटा ठरवला, आणि १९८० मध्ये सर्वांत लहान अपवादही सापडला : ९०,६१,५०,२५७. नव्वद कोटींपर्यंत पटत राहिलेली गोष्टही खोटी निघू शकते.

आता तर पटणारे वाक्य तयार करणारी यंत्रेच आपल्या हातात आहेत. भाषेची मोठी प्रारूपे पुढचा शब्द कोणता शोभेल, यावर मजकूर उभा करतात, त्यामुळे मजकूर पटेल याची तजवीज त्यांच्या घडणीतच आहे. तो खरा असेल याची नाही. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने वकिलांना पाच हजार डॉलर दंड केला, कारण त्यांनी अशा यंत्राकडून मिळालेले, अस्तित्वातच नसलेले निकाल सादर केले होते. नावे, क्रमांक, भाषा, सगळे कोर्टाला शोभणारे होते.

मराठीत लिहिताना

या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द ठरवून टाकणे मला धोक्याचे वाटते. शास्त्रीय कारणाला ‘सयुक्तिक’ चांगला. चरकाने परीक्षेच्या चार साधनांत युक्ती मोजली आहे, त्यामुळे या शब्दामागे अनेक कारणे जुळवून पाहण्याची परंपरा आहे. न्यायालयीन मजकुरात ‘सकृद्दर्शनी ग्राह्य’ लिहावे. त्यात पुढची सुनावणी बाकी असल्याचे आपोआप येते. कथेला ‘संभवनीय’, सबबीला ‘पटण्याजोगी’. ‘स्पीशस’साठी तर्कशास्त्राने ‘हेत्वाभास’ दिलेलाच आहे. ‘संभाव्य’ मात्र ‘प्रॉबेबल’साठी राखून ठेवावा आणि ‘विश्वासार्ह’ ‘क्रेडिबल’साठी. ‘प्लॉझिबल’च्या जागी ‘संभाव्य’ आला की न झालेल्या मोजमापाचा आभास होतो, आणि ‘विश्वासार्ह’ आला की न घेतलेल्या साक्षीचा.

इंग्रजीत लिहितानाही हा शब्द टाळावा, असे मी म्हणणार नाही. त्याच्यावाचून संशोधन सुरूच होणार नाही; हजार कल्पनांपैकी कोणत्या दहा तपासायच्या, हे ठरवायला दुसरे साधन नाही. सिमाँच्या पिसवांचे मत कोणाला तरी पटले, म्हणून परळचे पिंजरे टांगले गेले. लेखकाने एवढेच पाळावे : जे वाक्य प्लॉझिबल म्हणून मांडले, त्याच्या पुढच्या वाक्यात काय तपासायचे राहिले आहे, ते लिहावे. संपादकाने ते वाक्य मागावे, न्यायाधीशाने ते नोंदवावे, डॉक्टराने ते रुग्णाला सांगावे. वाचकाने तर ते मिळेपर्यंत अडून बसावे, कारण पटवून घेण्याची किंमत शेवटी त्यालाच मोजावी लागते.